जवळ्याच्या वासाचा लॅपटॉप

मित्रांनो, आधी नाक धरा. मी एक जुना लॅपटॉप आहे आणि मला सुक्या मासळीचा वास येतो. मला नाक नाही, हे माझं नशीबच म्हणायचं. पण पोटात एक छोटा पंखा आहे आणि तो बाहेरून जे जे आत ओढतो ते मला बरोबर कळतं. पाच वर्षांत त्याने काय काय ओढलं हे आठवलं तरी मला शिसारी येते. ते सगळं आज मी तुम्हाला सांगणार आहे, कारण तुमच्याही घरात माझा एखादा भाऊ असेल आणि त्यानेही हे सगळं पोटात ठेवलं असेल.

माझी जुळणी झाली ती खोली तुम्ही पाहायला हवी होती. तिथली हवासुद्धा गाळून आत सोडत. कामगारांच्या अंगात पांढरे झगे, डोक्यावर टोप्या, तोंडाला फडकी. एकदा एकाला शिंक आली, तर तो तोंड दाबून दाराबाहेर पळाला. मला वाटलं, सगळं जग असंच असणार.

२००९ सालच्या दसऱ्याला मी पनवेलच्या कोळीवाड्यात काशीरामच्या घरी आलो. काशीराम करंजा बंदरातल्या बोटींवर मशीन सांभाळायचा. गुडघे गेल्यावर तो घरी बसला होता. त्याची बायको गंगाबाई करंज्याहून सुकी मासळी आणून पनवेलच्या बाजारात विकायची. त्यांची मुलगी कुमुद नुकतीच बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेली होती. मी तिच्यासाठी आलो होतो.

आल्या आल्या माझी पूजा झाली. हळद माझ्या बटणांवर, कुंकू माझ्या कपाळावर, अक्षता थेट फटींत. तांदळाचा एक दाणा तेव्हापासून स्पेसबारच्या खाली आहे. नारळ फोडला तेव्हा पाण्याचे चार थेंब पडद्यावर उडाले. "पुसू नको, परसाद हाय," गंगाबाई म्हणाली. ते डाग चिकट होऊन वाळले आणि त्यांवर पहिली माशी बसली. झगेवाल्या कामगारांची मला त्या दिवशी फार आठवण आली.

माझी जागा ठरली ती पडवीत, पाटावर, जुन्या गोधडीच्या घडीवर. गोधडी मऊ म्हणून माझ्या सोयीची, असं घरच्यांना वाटलं. पण माझा पंखा हवा खालूनच घेतो. गोधडीने माझं तोंडच दाबलं होतं. शिवाय त्याच पडवीत गंगाबाई रोज दुपारी जवळा पाखडायची. जवळा म्हणजे नखाएवढी बारीक कोळंबी, वाळवलेली. सूप खाली-वर झालं की जवळ्याच्या मिशा, पाय आणि पिवळसर भुसा हवेत उडे, आणि गोधडीतून जी काही फट मिळे तिच्यातून माझा पंखा तो सगळा आत ओढून घेई. दिवसातून दोन तास, पाच वर्षं. मला ओकता येत असतं तर मी पहिल्याच आठवड्यात ओकलो असतो.

ही झाली पोटातली घाण. डोक्यातली घाण प्रितेशने भरली. प्रितेश हा कुमुदचा चुलतभाऊ, स्टेशनजवळ मोबाईल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला. मी जरा हळू झालो की तो यायचा आणि वेग वाढवणारा एक फुकटचा प्रोग्रॅम माझ्यात टाकून जायचा. असे तीन झाले. शिवाय व्हायरस पकडणारे दोन, जे दिवसभर एकमेकांनाच पकडत बसत. मी सुरू होताच हे पाचही जण एकदम जागे होत आणि त्यांतला एक लाल अक्षरांत ओरडे, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये १४५६ चुका आढळल्या!' धडधडीत खोटं. मी मोजल्या होत्या. त्याने काहीच मोजलं नव्हतं. स्वतःच सगळी जागा अडवून बसायचं आणि वर घरमालकाला घाण दाखवायची! त्या जवळ्याच्या भुशापेक्षाही मला या प्रोग्रॅमची जास्त किळस आली.

२०१४ च्या मार्चमध्ये माझी दशा अशी होती, की बटण दाबल्यापासून मी कामाला लागेपर्यंत अकरा मिनिटं चाळीस सेकंद लागत. तेवढ्यात गंगाबाईचा चहा उकळून, पिऊन, कप धुऊन होई. आणि मग आणखी थोड्याच वेळात मी आपोआप बंद पडे.

कुमुद तेव्हा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. खाडीच्या पाण्यातले सूक्ष्म जीव मोजायचे, हा तिचा प्रकल्प. सात महिने तिने पाणी भरून आणलं होतं, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढले होते. ते सगळे माझ्यात होते आणि त्यातले चारशे बारा मोजायचे बाकी होते. प्रबंध द्यायला पंधरा-एक दिवस उरले होते. प्रबंध गेला नाही, तर वर्ष गेलं. मी एका दमात जेमतेम दोन फोटो मोजू द्यायचो.

"कॉलेजच्या मशीनवर कर ना," तिची वर्गमैत्रीण रिया म्हणाली.

"त्यांना नंबर लागलेत. मला आठवड्यातून एक तास मिळतो."

"मग हाच आण रोज. पण माझ्या शेजारी ठेवू नकोस हं. तुझा लॅपटॉप दुपारी बोंबील खातो का गं?"

प्रयोगशाळा हसली. कुमुदही हसली आणि तिने माझं झाकण पटकन मिटलं. त्या दिवसापासून ती मला तीन पिशव्यांत गुंडाळून न्यायची. घरी आल्यावर आईला म्हणायची, "आये, तू जवळा दुसरीकडं पाखड ना."

"दुसरीकडं कुठं? रस्त्यावर? तुझ्या त्या डब्याला वास येतो का माझ्या जवळ्याला?"

बारा दिवस उरले असताना, रविवारी, प्रितेश आला. "काकी, टेन्शन नको. फॉरमॅट मारतो, एकदम नवा होईल. फोटो आधी दुकानातल्या डिस्कवर काढून घेतो." त्याने कॉपी सुरू केली. मी अर्ध्यात बंद पडलो. पुन्हा सुरू केली, पुन्हा पडलो. तिसऱ्यांदा पडल्यावर त्याने माझ्या पाठीवर चापट मारली. "गेली हार्ड डिस्क. कुमुद, हा आता भंगार. नवा बघ."

"भंगारात कशाला टाकतंय," काशीराम म्हणाला. "एवढी वर्सं चाललाय ना तो?"

"काका, ही बोट नाही."

मित्रांनो, मी भंगार नव्हतो. माझ्यात एक सोय आहे. मी फार तापलो की मुद्दाम हळू चालतो, म्हणजे जळून जाऊ नये. तरी तापतच राहिलो तर स्वतःला बंद करतो. माणसं पहिल्याला आळस म्हणतात आणि दुसऱ्याला मरण.

कुमुद मात्र वहीत काहीतरी लिहीत होती. प्रितेश निघायला लागला तेव्हा तिने विचारलं, "दादा, डिस्क गेली असेल तर तो सकाळी चोवीस मिनिटं आणि दुपारी चौदाच मिनिटं का चालतो?"

"अगं, मशीनचं काय सांगता येतं!"

"सांगता येतं," कुमुद म्हणाली. "तू जा."

तिने नियम केला, की एका वेळी एकच बदल करायचा आणि घड्याळ लावून नोंद करायची. पहिल्या दिवशी तिने त्या लाल अक्षरवाल्यासकट चार प्रोग्रॅम उपटून काढले. व्हायरस पकडणारा एकच ठेवला. सुरू व्हायला लागणारा वेळ सात मिनिटांवर आला. पण बंद पडायचा मी पडतच राहिलो. दुसऱ्या दिवशी गोधडी काढली. तीन मिनिटं जास्त चाललो. तिसऱ्या दिवशी तिने जे केलं, ते आठवून मला आजही मळमळतं. कोळीवाड्यात बर्फाला काय तोटा! तिने शेजारच्या ताज्या मासळीच्या पेटीतला बर्फ परातीत भरला, परातीवर ॲल्युमिनियमचा ट्रे ठेवला आणि ट्रेवर मला. माझ्या पोटाखाली मासळीचं गुलाबी पाणी! पण मी एक्केचाळीस मिनिटं चाललो.

"म्हणजे उष्णता," कुमुद म्हणाली. "डिस्क नाही. बाबा, तुमचा चष्म्याचा स्क्रू-ड्रायव्हर द्या. याला उघडते."

नऊ दिवस उरले होते. काशीराम समोर येऊन बसला. त्याने एक थाळी घेतली आणि निघेल तो स्क्रू, निघाला त्या क्रमाने, गोलाकार मांडायला लागला. "बोटीवर आमी असंच करतो. उलटं फिरत आलं का मशीन परत उभं." अठरा स्क्रू मांडून झाले. कुमुदने माझी पाठ उचलली.

ती मागे सरकली. तिने तोंडावर ओढणी धरली आणि मोरीकडे पळाली.

माझा पंखा दिसतच नव्हता. त्याच्या जागी काळ्या चिखलाचा गोळा होता. त्यात जवळ्याच्या मिशा, डोळे, पाय. त्यात केस, उदबत्तीची राख, कुंकू. आणि मधोमध एक मेलेलं झुरळ, पंखांसकट. गरम हवा बाहेर जायची जाळी तर भिंत लिंपावी तशी लिंपली होती. मी आरशात कधी पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी कुमुदच्या चेहऱ्यावर पाहिलं.

ती परत आली, नाक दाबून. "भुसा आला कुठून ते कळलं. पण भुसा सुका असतो. हा चिकट का आहे? बाबा, हे तेल आहे."

काशीराम थाळीतल्या स्क्रूंकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मीच सोडलं."

"काय?"

"दोन वर्सं झाली. करकरत व्हता. मशीन करकरलं का तेल मागतंय. मी पिचकारीनं फटीतून सोडलं थोडं. बोटीचं चांगलं तेल व्हतं गं, हलकं नाय."

"थोडं म्हणजे किती?"

"करकर थांबेपर्यंत."

"बाबा! शी! अहो, पाती तेलकट झाली, म्हणून सगळं चिकटलं. विचारायचं तरी!"

"तू परीक्षेला बसली व्हतीस," काशीराम हळूच म्हणाला. "म्हटलं, तुला तरास नको."

 कुमुदने चिमटा उचलला, झुरळाजवळ नेला आणि मान फिरवून परत खाली ठेवला. 

गंगाबाई सूप बाजूला ठेवून उठली. "सर. ह्याला घाण म्हनतंस? घोळ मासळीच्या पोटात हात घाल एकदा." तिने झुरळ दोन बोटांत धरून बाहेर फेकलं. मग पंखा हातात घेतला. मित्रांनो, इतकी वर्षं ज्या बाईच्या जवळ्याचा मी राग राग केला, तिची बोटं मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. तिने पातं वाकवलं नाही, ओढलं नाही. काटा मोडू न देता मासा सोलावा तसा तिने तो गोळा एका अखंड सालीसारखा सोडवला. कुमुदने स्पिरिट आणि कापूस दिला. गंगाबाईने एकेक पातं पुसलं. जाळीसाठी तिने जुना दात घासायचा ब्रश घेतला. कुमुद वहीत लिहीत होती. काशीरामने स्क्रू उलटे फिरत परत दिले. एकही उरला नाही.

बटण दाबलं. एक मिनिट पंचावन्न सेकंद. कुमुदने घड्याळ दोनदा तपासलं. मग तिने फोटो उघडला आणि मोजायला लागली. एक तास झाला, दोन झाले, मी चालतच होतो. काशीराम शेजारी बसून माझ्या पंख्याकडे कान देत होता. करकर थोडी परत आली होती. त्याचा हात सवयीने पिचकारीकडे गेला.

"बाबा," कुमुद वर न बघता म्हणाली.

"नाय, नाय. नुसती पुसत व्हतो."

चारशे बारा फोटो आठ दिवसांत संपले. प्रबंध शेवटच्या दिवशी गेला. तोंडी परीक्षेला कुमुदने मला नेलं. पिशव्या नव्हत्या. स्पिरिटने तेल गेलं होतं, झुरळ गेलं होतं, पण वास प्लॅस्टिकमध्ये मुरला होता. मी टेबलावर उघडला गेलो, पंखा फिरला, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नाकाला रुमाल लावला.

"कसला वास आहे हा?"

मागच्या बाकावर रिया फिसकन हसली. मला वाटलं, आता माझं झाकण मिटणार.

"जवळ्याचा, सर," कुमुद म्हणाली. "माझी आई सुकी मासळी विकते. पडद्यावर जे बारीक जीव दिसताहेत ना, तेच खाऊन जवळा वाढतो. ते किती उरलेत, हेच मी मोजलंय."

परीक्षकांनी रुमाल खिशात ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली. "किती उरलेत?" त्यांनी विचारलं.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे. मला अजूनही किळस येते. अक्षतांचा दाणा अजून स्पेसबारखाली आहे. पण आता मी लाकडी पाटावर असतो, गोधडीशिवाय, आणि गंगाबाई जवळा पाखडायला बसली की आधी माझं झाकण लावून मला आतल्या खोलीत ठेवते. दर तीन महिन्यांनी काशीराम थाळी घेऊन बसतो, आणि मला उघडलं जातं. तुमच्या घरातला लॅपटॉप हळू झाला असेल, तर त्याला चापट मारू नका, लाल अक्षरांवर विश्वास ठेवू नका, आणि भंगार म्हणायच्या आधी मोठ्या माणसाला सोबत घेऊन त्याची पाठ उघडून बघा. जे दिसेल ते बघून तुम्हाला ओकारी येईल. येऊ द्या. मग हात धुऊन कामाला लागा.