घरातला आवाज

शाळेला सुट्टी लागली आणि इस्त्रीवालीच्या घरात बोलणंच बंद झालं. नवरा रात्रपाळीचा पहारेकरी. सकाळी येऊन आडवा झाला की दुपार कलेपर्यंत उठायचा नाही. खोली एकच. दोघी मुली दिवसभर खाटेच्या पलीकडे बसून कुजबुजत राहायच्या. आई लाँड्रीतून परतली की थोरली तिच्या कानाशी लागायची. "आज पेला पडला. पण बाबा उठले नाहीत."

सुट्टीतल्या शिबिरांच्या जाहिराती कोपऱ्याकोपऱ्यावर चिकटवलेल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत, उभ्या उभ्या दोन घास पोटात ढकलून, आई चौकशीला जायची. पोहण्याच्या शिबिराची फी ऐकून तिने "बरं, कळवते" म्हटलं आणि काढता पाय घेतला. चित्रकलेची फी झेपली असती, पण रंग, कागद, एप्रन सगळं वेगळं. वाचनालयात फुकट होतं, पण तिथेही गप्पच बसायचं होतं.

एका संध्याकाळी ती मुलींना नाचाच्या क्लासमध्ये घेऊन गेली. तिथल्या बाईंनी नावं विचारली. दोघींनी सांगितली, पण बाईंना ऐकूच आली नाहीत.

"लाजतात का फार?"

"नाही हो," ती म्हणाली. फीही आवाक्याबाहेरची निघाली. येताना भर रहदारीत धाकटी काहीतरी बोलत होती, आणि आईला खाली वाकावं लागत होतं.

नवरा कामावर निघताना तिने त्याला सांगितलं, मुलींचा आवाजच कुणाला ऐकू येत नाही. बुटाची नाडी बांधता बांधता त्याचे हात थांबले.

"मी दुसरीकडे झोपू का?"

"कुठे झोपणार?"

तो पुन्हा नाडी बांधू लागला.

शेवटी लाँड्रीच्या टेम्पोवाल्याने सांगितलं, गोदामामागच्या मैदानात एक निवृत्त खेळशिक्षिका सकाळी पोरांना चेंडू खेळायला शिकवते. ती त्यांना भेटायला गेली. बाई फटकळ होत्या.

"पैसे नकोत मला. पण पोरं रोज हवीत. दोन दिवस येऊन गायब होणारी नकोत."

पोचवायला ती मोकळी होती, पण आणायच्या वेळी ती इस्त्रीपुढे असणार. नवरा म्हणाला, "मी कामावरून थेट मैदानात येतो. त्यांचं संपलं की घेऊन येईन."

"आणि झोप?"

"होईल तेवढी होईल."

बाईंचा नियम एकच होता: ओरडून मागितल्याशिवाय चेंडू द्यायचा नाही. थोरलीला दुसऱ्याच दिवशी जमलं. धाकटी नुसते ओठ हलवत उभी राहायची. आठवडाभर तिला चेंडू मिळाला नाही. ती रडली, उद्यापासून जाणार नाही म्हणाली. तरी आई सकाळी तिला ओढतच नेत राहिली.

मग एका संध्याकाळी नवऱ्याने सांगितलं, "आज धाकटी अशी किंचाळली, की मी कट्ट्यावर डुलकी घेत होतो तो पडता पडता वाचलो."

"मिळाला चेंडू?"

"मिळाला. सोडायलाच तयार नव्हती."

ती हसली. मग दिव्याच्या उजेडात तिला त्याचे डोळे दिसले, लाल आणि सुजलेले. सुट्टी अजून निम्मी उरली होती.

"माझ्या सुट्टीच्या दिवशी मी थांबते तिथे. तुम्ही घरी झोपा."

"तुला तो एकच दिवस मिळतो."

"मग काय करायचं?" ती म्हणाली, आणि त्याचा डबा भरायला उठली.