डब्यातले खडे

त्या दिवशी दोरी हललीच नाही.

मित्रांनो, ऊन बांधावर आलं, मग भाताच्या लोंब्यांवर आलं, तरी दोरी हलली नाही. पोपटांचा थवा आंब्यावरून उठला. रोज तो शेतावर पोचायच्या आत मी वाजत असे आणि तो वळून जात असे. त्या दिवशी पोपट निवांत खाली उतरले आणि लोंब्या कुरतडू लागले. मी बांबूला नुसता लोंबकळत राहिलो. थोड्या वेळाने एक चिमणी माझ्या काठावर येऊन बसली. इतक्या वर्षांत माझ्यावर पाखरू बसलं नव्हतं.

मग बांधावरून मोतीबाई आली. ती या शेताच्या मालकाची, सखाची, थोरली बहीण. पलीकडच्या शेतातला चांगो तिला म्हणाला, "मोतीबाय, आज डबा गप का गं? पाखरं बघ कशी पंगतीला बसलीत."

"वाजवणारी गेली रं," मोतीबाई म्हणाली. "कर्जतवरनं निरोप आला. गौरा गेली."

चांगोने विळा खाली ठेवला. पाखरं हाकायला दोघांपैकी कुणीच हात उचलला नाही.

मी पत्र्याचा एक जुना डबा आहे. मुंबईच्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि घासलेट भरून मी कळंबच्या दुकानात आलो. रिकामा झाल्यावर दुकानदाराने मला मागच्या दारी टाकलं. तिथून गौराने मला उचललं. तेव्हा ती सखाच्या घरी नवी नवरी होती. साल पंचावन्न-छप्पन असेल. दोन वर्षं मी तिच्या दारात पाणी साठवलं. मग कोपऱ्यातून गळायला लागलो. सखा मला फेकून देणार होता. गौरा म्हणाली, "पाण्याचा नाय तर आवाजाचा तरी होईल." तिने माझ्यात खडे घातले, शेताच्या मधोमध बांबूला मला टांगलं आणि काथ्याची लांब दोरी बांधून ती घराच्या पडवीपर्यंत नेली.

शेत घराला लागूनच होतं. भात पोटरीतून बाहेर पडून दाणा भरू लागला की महिनाभर राखण करावी लागते. गौरा पडवीत बसून दोरीचं टोक मनगटाला बांधत असे, म्हणजे दोन्ही हात कामाला मोकळे राहत. ती डाळ निवडी, गोधडी शिवी, मधेच हाताला झटका देई, आणि मी शेतात खणखणत असे.

एकदा तिला ताप आला म्हणून सखा दोरी ओढायला बसला. तो दहा आकडे मोजून एक हिसका देई. पहिले तीन दिवस पाखरं उडाली. चौथ्या दिवशी ती मान वर करून माझ्याकडे बघायला लागली आणि पुन्हा खायला लागली.

गौरा आतून म्हणाली, "अवं, तुमी डबा वाजवताय का पाखरांना झोका देताय?"

"वाजवतोय की. आयकू येत नाय व्हय?"

"मला येतंय. त्यांना येत नाय. तेच तेच वाजवलं की पाखरू आयकणं सोडतं. सरावलं की उद्या डब्यावर हगंल."

सखा हसला, पण तिने सांगितलेलं त्याने मनावर घेतलं नाही. गौरा मात्र जपत असे. कधी लागोपाठ दोन झटके, कधी बराच वेळ काहीच नाही. दर आठ दिवसांनी ती माझ्यातले खडे बदलायची. ओढ्यातले गोटे, करवंटीचे तुकडे, बांगड्यांच्या काचा. आवाज नवा झाला की पाखरं पुन्हा दचकत. पाखराचं मन कुठे लागतं आणि कुठून सुटतं, हे तिला शाळेत न जाता कळलं होतं.

मग एका वर्षी राखणीत मला दोरीतून वेगळाच थरकाप जाणवला. झटका नव्हता. बारीक बारीक, घाईघाईचा हादरा, मग थांबून पुन्हा एक. गौरा खोकत होती. तिचं अंग हले, मनगट हले, दोरी हले आणि खडे वाजत.

पहिल्या दिवशी पडवीत दोर वळत बसलेल्या सखाने विचारलं, "काय झालं गं?"

"काय नाय. तूस गेलं घशात."

दुसऱ्या दिवशीही त्याने विचारलं. तिने तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्याने मान वर केली, पण विचारलं नाही. चौथ्या दिवसापासून त्याने मानही वर केली नाही.

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी माझं फार कौतुक झालं. खोकला कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून पाखरं कधी सरावलीच नाहीत. एकही पोपट शेतात टिकेना. चांगो बांधावरून म्हणायचा, "सखाचा डबा काय वाजतो रं. माझा आन त्याचा बदली करू या." सखा खूश व्हायचा. मीही फुशारून जात असे. मित्रांनो, ते सगळं कौतुक एका खोकल्याचं होतं. हे आज आठवलं की माझा पत्रा गार पडतो. मला ठाऊक होतं, आणि मला वाजण्यापलीकडे काही येत नव्हतं.

दुसऱ्या राखणीत एका दुपारी ती बांधावर कोसळली. पदरावर रक्त होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सखा तिला एस.टी.ने कर्जतला घेऊन गेला. दोन दिवस मोतीबाईने दोरी ओढली. तिसऱ्या दिवसाचं तुम्हाला सांगितलंच आहे.

तेरावा झाल्यावर सखा आणि मोतीबाई माझ्या बांबूखाली येऊन बसले. तिथे मी जे ऐकलं, त्यातून मी अजून सावरलेलो नाही.

सखा म्हणाला, "डाक्टरानं इचारलं, खोकला कधीपासनं? मी म्हटलं, खोकला नाय तिला."

"काय?"

"मी खोटं नाय बोललो, ताय. मला खरंच तसं वाटलं. मग गौरा म्हणाली, गेल्या राखणीपासनं. आन माझ्याकडं बघितलं. रागानं नाय. नवल वाटल्यागत."

मोतीबाई म्हणाली, "आरं, माझ्या घरापर्यंत आयकू यायचा तो. मला वाटलं, तू औषध आणत असशील."

"मग तू का नाय बोललीस?"

"नवऱ्याला त्याच्या बायकोचा खोकला मी सांगायचा?"

सखाने पुढचं सांगितलं. डॉक्टरांनी त्याला बाहेर बाकावर बसवलं आणि विचारलं, "या भिंतीवरचं घड्याळ तुम्हाला ऐकू येत होतं का?" सखाने वर पाहिलं. घड्याळ टिकटिकत होतं. तो सकाळपासून त्याच्याखालीच होता आणि त्याने ते ऐकलं नव्हतं. आता मात्र त्याला दुसरं काही ऐकू येईना.

डॉक्टर म्हणाले, "तुमचे कान चांगले आहेत. पण मेंदू सगळंच ऐकत बसत नाही. नवा आवाज आला की तो जागा होतो. तोच आवाज रोज आला, त्यातून काही घडलं नाही, की तो दार लावून घेतो. मग लक्ष आपोआप जात नाही. ते मुद्दाम न्यावं लागतं."

"म्हंजे पाखरागत," सखा म्हणाला होता.

डॉक्टरांना पाखरांचं काही कळलं नाही. वर्षभर आधी आणलं असतं तर औषध लागू पडलं असतं, एवढं ते बोलले.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी रोज खोकत असेल, रोज उसासा टाकत असेल, रोज पाटावरून उठताना गुडघा धरत असेल. ते तुम्हाला आता ऐकू येत नसेल, दिसत नसेल. त्यात तुमची लबाडी नाही. पण आज घरी गेल्यावर एकदा मुद्दाम बसा आणि ऐका. ऐकलं की विचारा. "काही नाही" म्हणाले तर चौथ्या दिवशीही विचारा.

एक गोष्ट सांगायची राहिली. एस.टी.ला निघताना गौरा दारात थांबून म्हणाली होती, "अवं, डब्यातले खडे बदला. पाखरं सरावतील." सखा चपला घालत होता. तो म्हणाला, "हं."

या गोष्टीला चार वर्षं झाली. सखा आता कुणालाही नुसतं "हं" म्हणत नाही, पूर्ण उत्तर देतो. दर राखणीला तो ओढ्यातले नवे गोटे घेऊन माझ्याकडे येतो, मला खाली उतरवतो, आत हात घालतो. आत पाच चपटे गोटे आणि हिरव्या बांगडीची एक काच आहे. ते सगळं गौराने स्वतःच्या हाताने घातलेलं. तो ते चाचपतो आणि मला पुन्हा टांगतो. नवे गोटे बांबूच्या बुडाशी पडून राहतात. पाखरं माझ्यावर बसतात. मोतीबाई ओरडते, "आरं, भात चाललं, बदल की ते खडे." तो म्हणतो, "उद्या सकाळी बदलतो, ताय."

खडे अजून बदललेले नाहीत.