वर्षभर मिटलेलं पिंप

गंगापूर धरणाच्या काठावर फाल्गुन उतरला होता. द्राक्षं खुडून झालेल्या मांडवांतून ऊन गळत होतं. पिवळं, पातळ, थकलेलं ऊन. पाण्यावर धूसरजांभळी साय धरली होती, आणि उथळ कडेला एक बगळा, हिशेब न जुळलेल्या कारकुनासारखा, खाली मान घालून उभा होता.

काठावरच्या ब्रुअरीत, दगडी भिंतींच्या गारव्यात, ओकच्या लाकडाचं एक पिंप आडवं पडलं होतं. लोखंडी कड्यांनी कंबर आवळलेलं, कृष्णोदर, मौनगर्भ पिंप. आधी त्यात शेजारच्या वायनरीची लाल वाइन निजली होती. मग हेरंब कोठावदेनं त्यात आपली काळी स्टाउट बिअर ओतली, बूच ठोकलं आणि म्हणाला, "आता वर्षभर हिला कुणी उठवायचं नाही."

ते गेल्या फाल्गुनात. वैशाखात त्याला ताप आला. ताप उतरला, उतरताना गंध घेऊन गेला.

मोगऱ्याचा गंध गेला. भाजलेल्या बार्लीचा, करपत्या गुळासारखा, कडसर गंध गेला. बायकोच्या ओल्या केसांतला शिकेकाईचा गंध गेला. आणि हेरंब अवाक्षर बोलला नाही. ज्याच्या नाकाची नाशिकभर ख्याती, त्यानं ते गेल्याचं कोणत्या तोंडानं सांगावं? मापांवर आणि जुन्या सवयीवर तो बिअर करीत राहिला. ग्लासात नाक बुडवून डोळे मिटत राहिला. डोळे मिटणाऱ्या माणसाला लोक सहसा उलटतपासत नाहीत.

पण पिंप होतं. त्याच्या नाकानं रचलेली शेवटची बिअर त्या अंधारात मुरत होती. ती सुगंधी निघाली, तर तो गंध अजून कुठेतरी जिवंत होता. लाकडाच्या पोटात, त्याच्यापुरता राखलेला. रोज सांजावताना तो पिंपावर तळहात ठेवी. गर्भिणीच्या पोटावर ठेवावा, तसा.

आज बूच निघालं.

भागीदार भास्कर गायधनीनं ग्लास भरले. काळी, काजळकाळी धार. वर तांबूस, अल्पायुषी फेस. चाखायला दोघं आली होती. चहाचे नमुने चाखण्यात हयात घालवलेले, स्टाउटचे कट्टर भोक्ते रेगेसाहेब. आणि बिअरवर लिहिणारी शाल्मली बेंद्रे, जिला आंबट म्हटलं की देव भेटतो.

हेरंबनं घोट घेतला. जिभेला आंबट लागलं. एवढंच लागलं. हे आंबट पिकल्या करवंदाचं, की मुरल्या चिंचेचं, की नासल्याचं, हे सांगायचं काम नाकाचं. आणि नाक मुकं होतं. मग त्यानं दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघितलं, आंधळ्यानं भिंत चाचपावी तसं.

"हिला स्टाउट म्हणू नका बुवा," रेगेसाहेब म्हणाले. "स्टाउट म्हणजे शिस्त."

"सर, लाकडात वर्षभर राहिली की ती आंबणारच," शाल्मली म्हणाली. "हा दोष नाही, हा प्रकार आहे. 'सावर' म्हणतात, आंबट बिअर!"

"उद्या विटलेल्या आमटीलाही प्रकार म्हणाल!"

"आणि तुम्ही आंब्यालाही म्हणाल, कैरी होतास तेच बरं होतं."

हास्य उसळलं. वाद रंगला, व्याख्या आल्या, आंबट बिअरचं बेल्जियम आलं, स्टाउटचं आयर्लंड आलं. फक्त एक साधं वाक्य आलं नाही. चांगली आहे की वाईट, हे त्या पंडितसभेत कुणीच म्हणेना.

शेवटी रेगेसाहेब वळले. "कोठावदे, नाक तुमचं. तुम्हीच निवाडा करा. हे आंबटपण तुम्ही आणलंत, की आपसूक आलं?"

हेरंबनं ग्लासात नाक बुडवलं. आत वास नव्हता; नुसता गार, ओला, अथांग काळोख होता. त्यानं डोळे मिटले.

"आणलं," तो म्हणाला.

शाल्मलीनं टाळी वाजवली. रेगेसाहेबांनी हात जोडले. पाहुणे गेले, गाडीची धूळ मांडवांवर बसली. टेबलावर ग्लास राहिले. निषेधाचा एक घोट उणा असलेला रेगेसाहेबांचा, कौतुकाचा एक घोट उणा असलेला शाल्मलीचा. शब्दांच्या इतक्या राशी पडल्या, आणि काळी पातळी जिथल्या तिथं.

"उद्या बाटल्या भरायला घेतो," भास्कर म्हणाला. "लेबलवर तुझं नाव मोठं."

"नको भरूस. मी खोटं बोललो. मला वास येत नाही, भास्कर. वैशाखापासून."

भास्कर ग्लास उचलता उचलता थांबला. "ठाऊक आहे."

"काय?"

"तेव्हाच कळलं. मागच्या खोलीत गॅस गळत होता, आणि तू शेगडीजवळ बसून पेपर वाचत होतास. मीच सिलिंडर बंद केला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलला नाहीस म्हणून. आणि लोक कुठे बिअर पितात रे? कोठावदेचं नाक पितात."

"भास्कर, एवढंच सांग. कशी झालीय?"

भास्करनं कपडा झटकला. "उद्या लवकर ये," म्हणाला, आणि गेला.

ऊन गेलं. पाणी शिसवी झालं. हेरंबनं पिंपावर तळहात ठेवला. लाकूड गार होतं.

तेव्हा ती आली. एक आलं, दोन आली, मग मेघच्या मेघ. कुजत्या फळांवर, आंबल्या गाळावर घोंघावणारी सूक्ष्म, ताम्रनेत्र चिलटं. ती पिंपाच्या उघड्या तोंडाभोवती फिरली. ती भरल्या ग्लासांवर उतरली. कुठलाही वाद न घालता, कुठलंही नाव न देता, ती त्या काळ्या आंबटात एकेक करून बुडत गेली.

त्यातलं एक त्याच्या ओठावर, ओल्या ओठावर, येऊन बसलं. त्यानं ते हाकललं नाही. पंख मिटले, पापण्या मिटल्या, आणि गंधहीन, निःशब्द, काठोकाठ भरलेला अंधार दोघांवर उतरला.