महिना कुणाचा धरू?

दचकू नका, डाउनलोडच्या फोल्डरातून मी सेटअप बोलतोय. पंचांगाचा प्रोग्राम तुमच्या कंप्युटरात बसवून देणारा मी. प्रोग्राम बसला की माझं काम संपलं. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाला नंतर कोण विचारतो?

जन्म ग्वाल्हेरच्या नया बाजारातल्या एका दुकानावरच्या खोलीत. शिक्षण अर्धवट. तिथी मोजणारा विद्वान प्रोग्राम वेगळा. मला फक्त प्रश्न विचारता येतात. मग काय, दारातच उभा राहून भंडावतो. चित्र डावीकडे ठेवू की उजवीकडे? रंग केशरी की निळा? लोक चिडतात, मला गुदगुल्या होतात. वाचत मात्र कुणीच नाही. मागे कुत्रं लागल्यासारखे 'पुढे, पुढे' दाबत सुटतात.

दौलतगंजच्या केदारनेही तेच केलं. बाबांचं वर्षश्राद्ध चुकू नये म्हणून त्याने मला आणलं होतं. मी विचारलं, "महिना अमावास्येला संपवू की पौर्णिमेला?" ग्वाल्हेरात हा प्रश्न थट्टेचा नाही. बाजाराचा महिना पौर्णिमेला संपतो, मराठी घरांचा अमावास्येला, म्हणून एकाच नावाचा वद्य पंधरवडा बाजारात महिनाभर आधी येतो. खूण आधीच पौर्णिमेवर होती. पठ्ठ्याने 'पुढे' दाबलं आणि तिथी घातली, माघ वद्य पंचमी.

जानेवारीतच आठवणीची घंटा वाजली. केदार गुरुजींना फोन लावायला निघाला, तर आईने, इंदुताईंनी, अडवलं.

"अरे, रथसप्तमी व्हायचीय अजून. माघ वद्य आलाच कुठून?"

"तिथी सरकते, आई. कंप्युटर गलत थोडीच दाखवणार?"

"सरकते, पण अख्खा महिना? तुझ्या त्या शहाण्याला पूछ, महिना कुणाचा धरलाय. महिनाभर आधी पान वाढलं तर तुझे बाबा येतील का जेवायला?"

केदार कंप्युटरकडे वळला. त्याने मला पुन्हा चालवलं. ह्या वेळी चष्मा लावून इंदुताई समोर बसल्या. एकेक प्रश्न मोठ्याने वाचायचा आणि मलाच उत्तर द्यायचं.

"चित्र? राहू दे बाबा डावीकडे. महिना? अमावास्येला. आमचा."

मग मी विचारलं, घंटा किती मोठी वाजवू?

त्या म्हणाल्या, "हळू. त्यांना मोठा आवाज सोसायचा नाही."

जन्मात मला कुणी एवढं सांगितलं नव्हतं. शेवटी 'संपवा'चं बटण आलं, तर म्हणाल्या, "असं काय लिहितो मेला? येतो म्हणावं." त्यांनी दाबलंच नाही. केदारने दाबलं.

श्राद्ध आपल्या तिथीला झालं. घंटा हळूच वाजली.

आता केदारच्या फोनवर नवं पंचांग आहे. काहीएक न विचारता सगळं आपणच ठरवतं. लोक खूश! खरंच आहे, केशरी-निळ्याचे प्रश्न माझ्यासारख्या टवाळानेच विचारावेत. पण कुणाच्या घरात शिरताना एवढं तरी विचारावं ना, की तुमचा महिना कोणता?

कंप्युटर कपाटावर गेलाय, वर जुनी चादर. कधी ती काढलीत, तर एकदा मला दाबा. रंगाचं विचारणार नाही, शप्पथ. फक्त घंटेचं विचारीन. उत्तर ठाऊक आहे मला. तरी विचारीन.