उबेपुरतं घर

पौषातली सकाळ. टेकडीच्या खांद्यावर धुक्याची धूसर, दवभिजली शाल. सूर्य उगवला होता खरा, पण त्या किरणांना ऊब अशी नव्हतीच. गवतावर, काचांवर, प्रयोगशाळेच्या निःशब्द पायऱ्यांवर एकच पांढुरका, प्राणहीन प्रकाश. त्या प्रकाशातून उत्तरा आपल्या आंधळ्या भावाचा हात धरून वर चढत होती.

दोन दिवाळ्यांपूर्वी हेरंब घराच्या भिंती रंगवायला निघाला होता. पिंपात कळीचा चुना खदखदत होता. हा नीळ घालायला वाकला, आणि तो शुभ्र, धगधगता चुना उसळून दोन्ही डोळ्यांत गेला. आभाळ गेलं, माणसं गेली, रंग गेले. उरला फक्त उजेड-अंधाराचा पुसट भेद.

उजव्या बुबुळाच्या काठावर जित्या पेशींची चंद्रकोर तेवढी वाचली होती. डॉक्टरांनी तिच्यातला कणभर तुकडा प्रयोगशाळेत वाढवायला उत्तराच्या हवाली केला. पुन्हा मागू नका म्हणाले, काढण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

उत्तराचं सारं तारुण्य अशा पेशींसाठी घर बांधण्यात गेलं होतं. बशीच्या तळाशी ती एक लेप चढवी. अदृश्य, तलमाहून तलम. अंगाच्या उबेत तो पेशींना आईसारखा उराशी धरी, गारवा लागताच अलगद सोडून देई. न खरवडता, न दुखवता पेशींचा अखंड पडदा सुटावा आणि डोळ्यावर जाऊन बसावा, म्हणून तिनंच तो असा घडवला होता. मात्र पडदा भरण्याआधी सुटला, तर सगळं पाण्यात.

आणि पडदा भरत होता! उबदार पेटीच्या अंधारगर्भात पेशी पेशीला बिलगत होती, हळूहळू, हळूहळू. आणखी थोडेच दिवस हवे होते.

"ताई, एकदा हातात दे ना," हेरंब म्हणाला. "बघता नाही येणार, धरून तरी बघू दे."

नाही म्हणायला हवं होतं. पण ती विरघळली. तिला धास्ती एकाच गोष्टीची, जंतूंची. तो प्रयोगशाळेचा रिवाज तिच्या रक्तात भिनलेला. "आधी हात धू. नीट, कोपरापर्यंत."

नळाला पौषाचं पाणी. तो साबण लावून लावून धूत राहिला, बोटं निळी पडेपर्यंत धूत राहिला, आणि ती वेडी कौतुकानं बघत राहिली.

झाकलेली बशी त्यानं ओंजळीत घेतली आणि तो खिडकीकडे वळला, उजेडाकडे. चेहरा कसा फुलून आला!

"रंग कसा आहे गं?"

"पाण्यासारखा."

"मग आभाळ दिसेल त्यातून."

इतक्या दिवसांनी हसणाऱ्या माणसाच्या हातून बशी काढून घ्यायला तिचा हात होईना. घेतली तेव्हा त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. बर्फ! "हात किती गार रे तुझे!" म्हणत उत्तरा बशी घेऊन वळली.

सूक्ष्मदर्शकाखाली पडदा कडेनं सुटला होता. अर्धामुर्धा, विरविरीत, स्वतःभोवती गुंडाळत, फाटत चाललेला. लेपानं आपलं काम चोख केलं होतं. तिनं बशी धावत उबेत ठेवली, वाट पाहिली, पुन्हा पाहिलं. सुटलेलं पुन्हा धरलं गेलं नाही.  

खिडकीशी हेरंब तसाच उभा होता. ओंजळही तशीच, बशीएवढी पोकळ. धुकं विरलं होतं, आणि उशिरा आलेलं पिवळं, कोवळं ऊन त्या ओंजळीत साठत होतं.

"ताई, आता हात तापले बघ. दे ना पुन्हा."

आणि ते हात पुढे झाले. धुतलेले, निर्मळ, उबदार.