‘बंद’ कोण म्हणते?

कुठंही माशी शिंकली तरी धुरपताबाईच्या लेखी ती तानबानेच शिंकवलेली असायची. तानबा तिचा चुलत दीर, बांधाला बांध लागलेला. त्यामुळे सकाळी ओलीत करताना तिची मोटार पाच मिनिटांत आपोआप बंद पडू लागली, तेव्हा तिला पुरावाबिरावा काही लागला नाही. वांग्याच्या सहा वाफ्यांनी माना टाकल्या होत्या. असंच चाललं असतं तर वांगी बाजारात नाही, गुरांपुढेच गेली असती.

मोटार चालायची रिमोटवर. सून रोशनी डिप्लोमावाली. तिने सेलूच्या दुकानातून बिनतारी रेडिओच्या दोन चिपा आणल्या, एक रिमोटच्या डबीत बसवली, दुसरी विहिरीवरच्या स्टार्टरमध्ये. बटन दाबलं की ही म्हणायची ‘चालू’, ती ऐकायची. ते पाहून महिन्याभरात तानबानेही त्याच दुकानातून तश्शीच जोडी आणली. “नकलची मेला!” धुरपताबाई तेव्हाच फणकारली होती.

परवा तानबा पुलगावला गेला आणि हिची मोटार दोन तास धडधडीत चालली. मग तर शंकाच मिटली. त्याच दिवशी तानबाची मोटार जळाली, तेव्हा केळझरच्या गणपतीच्या पायऱ्यांवर दहा बायांसमोर ती म्हणाली, “करावं तसं भरावं. देव पाहून राह्यला!”

आज रोशनी विहिरीवर लॅपटॉप घेऊन बसली. चिपची बोलायची तार स्टार्टरच्या ऐकायच्या टोकाला लागली आहे का, दोघांचा बोलण्याचा वेग एकच आहे का, सगळं तपासलं. कुठं काही बिघाड नव्हता.

“आत्याबाई, दाबा.”

स्क्रीनवर अक्षरं उमटली: चालू. पाटात पाणी धावलं. चार मिनिटं झाली. रिमोट धुरपताबाईच्या हातात, बोट बटनापासून दूर. आणि स्क्रीनवर आलं: बंद.

“हे आपल्या रिमोटनं नाई पाठवलं,” रोशनी म्हणाली. “बाहेरून आलं.”

“मंग मी काय सांगून राह्यली होती? बांधापलीकडून आलं!”

“पण आत्याबाई, कंपनीतून सगळ्या जोड्या एकाच चॅनलवर येतात. आपण ते बदललंच नाई, अन् काकाजीनंही...”

“तुह्यं चॅनल ठेव तुह्यापाशी. मी त्याले रंगेहाथ पकडते. मीनं हात हलवला का दाबजो.” रिमोट सुनेच्या हातात कोंबून ती तरातरा बांध ओलांडून गेली.

तानबा विहिरीवर बसला होता. हातात रिमोट, नजर स्टार्टरवर. सापडला! धुरपताबाईने हात हलवला, पलीकडे रोशनीने बटन दाबलं.

तानबाच्या स्टार्टरमध्ये खट् झालं, लाल दिवा लागला, मोटार घरघरली. धुरपताबाई तर त्याच्या बोटाकडेच डोळे लावून उभी होती. बोट हललं नव्हतं.

“पाह्यलं, वहिनी?” तानबा रडकुंडीला आला. “रोज अशीच आपोआप चालू होते. विहिरीत पाणी पाच मिनिटाचं. तेवढं घेतो अन् लगेच बंद करतो.”

त्याने बटन दाबलं. त्याची मोटार थांबली. आणि बांधापलीकडे, तिच्या विहिरीवरची मोटारही थांबली.

धुरपताबाईने एकदा त्याच्या बटनाकडे पाहिलं, एकदा बांधापलीकडे.

“परवा पुलगावले साक्षगंधाच्या कार्यक्रमाले गेलतो,” तानबा सांगत होता. “मांगं कोणी तरी चालू केली. दोन तास कोरडी फिरली अन् जळाली. ही उसनी आणली, तं हिच्यापासून उठाची सोय नाई. कोणावर शक घ्यावा, वहिनी? माणूस कोणाचं नाव घेईन?”

परवाचे ते दोन तास. पाटातलं पाणी पाहून ती किती खूश होती! तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

“अवो, तुम्ही काऊन रडून राह्यल्या? मोटार तं माही जळाली.”

“जळाली नाई, भाऊजी. मीनं जाळली.” तिने पदराने तोंड पुसलं. “चला, मंदिरात चला माह्यासंग. जिथं बोलली, तिथंच सांगते.”