रुळाच्या पाठीवरचा घोडा

प्रिय बालमित्रांनो, आज मी आपणांपुढे माझ्या दोन जन्मांची हकीकत यथाशक्ति निवेदन करणार आहे. ती आपण शांत चित्ताने ऐकावी, आणि शक्य तर दिवसाच्या उजेडात ऐकावी, अशी प्रारंभीच नम्र विनंती आहे.

मी सडक दाबण्याचा एक जुना दगडी रूळ आहे. लोणखेडे गावापासून हिलाल पाटलांच्या मळ्यापर्यंत जी खासगी मुरमाची सडक जाते, तिच्यावर माझे बरेचसे आयुष्य लोळण्यात गेले. परंतु त्यापूर्वी मी लोळत नव्हतो. मी उभा होतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी, मोहाच्या एका झाडाखाली माझा पहिला जन्म गेला. सुरुपसिंग नावाचा डोंगरातला एक शेतकरी भर तारुण्यात तापाने वारला. तेथील लोकांची रीत अशी की, गेलेल्या माणसाच्या नावाने दगड उभा करावा व त्यावर घोडेस्वार कोरावा. म्हणजे त्याचा जीव रानोमाळ न भटकता त्या दगडाशी येऊन विसावतो. तो दगड म्हणजे मी. त्याची पत्नी कालीबाई सणासुदीला येई, मला शेंदूर लावी, आणि घरी मोहाची दारू गाळली की पहिली धार माझ्या माथ्यावर सोडी. मग ती बोलत बसे. शेळीविषयी, उडदाविषयी, गळक्या छपराविषयी. आणि मित्रांनो, सांगावयास भय वाटते, परंतु ती बोलू लागली म्हणजे माझ्या आत कोणीतरी ऐकत असे. तो मी नव्हतो.

एका पावसाळ्यात नाल्याला लोंढा आला आणि मी तोंडघशी पडलो. कालीबाई त्या दिवसांत मजुरीसाठी गुजरातेकडे गेली होती. त्याच सुमारास हिलाल पाटलांनी मळ्याची सडक करावयास काढली होती. तेथील काळी माती पावसात गाड्यांची चाके गिळून टाकी आणि कापूस मळ्यातच अडून राही. म्हणून मुरूम टाकणे भाग होते, आणि मुरूम दाबावयास रूळ हवा होता. भटू नावाचा त्यांचा पाथरवट दगड शोधीत पायथ्याशी आला. त्याने मला पालथा पाहिला, आणि पालथाच गाडीत घातला. मळ्यात आणून उलटविल्यावर त्याला घोडेस्वार दिसला. त्याने हात आवरला व पाटलांना बोलाविले. पाटलांनी वाकून तो पाहिला. मग म्हणाले की, आता आणलाच आहे, तर घड.

छिन्नी चालू लागली. स्वार गेला. घोड्याची पाठ व शेपूट गेली. परंतु मान आणि पुढचे दोन पाय इतके खोल कोरलेले होते की, ते काढू जाता मीच बारीक झालो असतो. म्हणून अर्धा घोडा माझ्या अंगावर राहिला. दोन्ही टोकांस भोके पाडून लोखंडी खुंट्या बसविल्या, लाकडी चौकट जोडली, आणि मला बैल जुंपले.

सडकेची रीत अशी असते. मधोमध उंचवटा ठेवावा, दोन्ही कडांस चर खणावेत, आधी जाड मुरूम, वर बारीक मुरूम पसरावा, पाणी शिंपडावे, आणि मग रूळ फिरवावा. मी माझे काम चोख केले. पहिल्या पावसात एकही गाडी रुतली नाही, तेव्हा गावोगावचे लोक सडक पाहून पाटलांची व माझी स्तुती करून गेले. परंतु बैल हाकणारा भिला स्तुती करीत नसे. तो खाली पाहून चाले. ओल्या मुरमावर माझ्या प्रत्येक वळशाला एक अर्धा घोडा उमटत असे. खराट्याने पुसला तरी दुसऱ्या फेरीला पुन्हा उमटे. बायका सडक सोडून बांधावरून जाऊ लागल्या. खुद्द पाटीलही घोड्यांवर पाय पडू नये असे जपून चालत.

कापूस वेचणीला डोंगरातली माणसे खाली आली. त्यांत कालीबाई होती. गावाच्या टोकाशी तिला पहिला घोडा दिसला. ती बसली, तिने त्यावर तळहात ठेवला. मग दुसरा, मग तिसरा. अशी घोड्यामागून घोडा धरीत ती मळ्यापर्यंत आली आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

ती पाटलांना म्हणाली, "हाऊ दगड मन्हा धनीना शे."

पाटलांनी तिला समजाविले की, डोंगरात दगडांना तोटा नाही, दुसरा उभा करावा.

"दुसरा मी उभा करसू. पन तो येस त याच दगडकडे येस. तुम्ही त्याले सडकवर लोळाई ऱ्हायनात."

"मंग पाटील, तिना धनीनी बी हाजरी लावा," भिला म्हणाला. गडी हसले. पण त्या दिवसापासून भिलाने मला कधी पाय लावून ढकलले नाही.

पाटील मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "बाई, सडक पुरी व्हऊ दे, मंग लई जा."

कालीबाईने तो शब्द खरा मानला. तिला काय ठाऊक की मुरमाची सडक कधीच पुरी होत नाही. दर पावसाळ्यात चाकोऱ्या पडतात, मुरूम चरांत वाहून जातो, आणि दिवाळीनंतर पुन्हा भर घालून रूळ फिरवावा लागतो. जुने घोडे नव्या मुरमाखाली गाडले जात, वर नवे उमटत. दर वेचणीला ती माझ्या पाठीवर मोहाची पहिली धार सोडी व पाटलांना विचारी, "सडक पुरी व्हयनी का?" पाटील दुसरीकडे पाहत म्हणत, "आवंदा नही."

ती बोलत बसे तेव्हा मी आत कान देई. आत कोणीही ऐकत नसे. जो ऐकत असे, तो कोठेतरी त्या सडकेवर होता.

पाटील म्हातारे झाले. त्यांचे केस पिकले तेव्हाही सडक दरसाल खचत होती. मग एका वेचणीला कालीबाई आली नाही. त्या वर्षी कोणीच काही विचारले नाही. पाटील रोज दिवस कलताना सडकेच्या टोकाशी येऊन उभे राहू लागले. अखेर त्यांनी वेचणाऱ्या बायकांजवळ चौकशी केली. कालीबाई खाटेला खिळली होती.

त्यांनी भिलाला गाडी जुंपावयास सांगितले. भर अर्धवट पडली होती, मुरमाचे ढीग तसेच होते. भिलाने त्यांकडे बोट दाखविले. पाटलांनी खुंट्या व चौकट काढून मला गाडीत घालावयास लावले.

मोहाच्या त्या झाडाखाली खड्डा खणला. घोडा आता इतका झिजला होता की, माझे कोणते टोक वर करावे हे कोणासही सांगता येईना. तेव्हा कालीबाईला खाटेसह आणले. तिने घोड्याचे पाय चाचपले आणि खालची बाजू दाखविली. मी उभा राहिलो. मग तिने पाटलांकडे पाहून विचारले, "सडक पुरी व्हयनी का?"

पाटील खाली वाकले. म्हणाले, "नही व्हयनी, माय. पन मी लई उनू."

तिने मोहाची धार सोडली. माझ्या माथ्यावर खुंटीचे भोक होते, त्यात ती साचून राहिली. ती शेळीविषयी बोलू लागली. मी आत कान दिला. ती उडदावर आली, गळक्या छपरावर आली. मग फार लांबून चालून आल्यासारखे कोणीतरी आले, आणि बसले.

मित्रांनो, त्या सडकेच्या पोटात अजून माझे कितीतरी घोडे आहेत. अर्धे मळ्याकडे धावतात, अर्धे गावाकडे. डोंगराकडे एकही नाही. आता तेथे भर कोणी घालीत नाही, चर बुजले आहेत, आणि मुरूम झिजून खालचे घोडे एकेक करून वर येत आहेत, असे वाटसरू सांगतात. म्हणून माझी प्रार्थना एवढीच. आपली वाट दरसाल राखा, तिचे चर मोकळे ठेवा. आणि वाटेसाठी दगड उचलण्यापूर्वी तो उलटून त्याचे तोंड अवश्य पाहा.

या मुक्या दगडाचे बोलणे ज्याने आपल्या अल्प बुद्धीप्रमाणे अक्षरांत उतरविले, तो मी, त्याच भिलाचा मुलगा नवल भिला, मुक्काम लोणखेडे, आपण ते शेवटपर्यंत ऐकून घेतले याबद्दल आपणा सर्वांचा अंतःकरणपूर्वक आभारी आहे.